सोळा पायऱ्या

दोन चकत्यांच्या मधे वाटाण्याएवढा थेंब,
दुधी, साबणाच्या पाण्यात रात्रभर राहिलेला वाटावा असा.
तेवीस अंश. वरची चकती फिरू लागते
आणि आकडा आधी चढतोच, हट्टी.
फोल्कमार घाबरतो: नमुना बिघडला का, इर्मट्राउट?

बिघडला नाही. थांब जरा.
आत थर आहेत, मुडपलेले, एकमेकांत अडकलेले,
पाहुणे दारात आले म्हणून कपाटात कोंबलेल्या चादरींसारखे.
हळू फिरू दे. त्यांचे ते सरळ होतील.
चाळीस मिनिटांनी आकडा उतरतो.

आता थरावरून थर सरकतो
पत्त्यांच्या कॅटमधून पान सरकावं तसा, बिनतक्रार.
पण या थरातून त्या थरात जा म्हटलं
की रेणू ढिम्म.
आडवं पाणी, उभा दगड.
मग याची खरी श्यानता कुठली, फोल्कमार विचारतो.
कुठून ढकलतोस त्यावर आहे, मी म्हणते,
आणि चष्मा पुसते.

संध्याकाळी ट्राम. पुलाखाली ज़ाले नदी,
बर्फाचे पापुद्रे एकावर एक चढलेले.
हालेच्या या टोकाला आमची अकरा मजली इमारत,
सगळे मजले एकाच साच्यातून काढलेले.
मजल्यावर आमचं छान चालतं.
हानेलोरे मीठ मागते, मी तिच्या कुंड्यांना पाणी घालते.
वर आठव्यावर डोम्के.
तेवीस वर्षं लिफ्टमध्ये शुभ संध्याकाळ,
मग दोघंही दाराकडे बघतो.
मला त्यांची फक्त खुर्ची माहीत आहे:
रात्री साडेनऊला मागे सरते, खर्र,
म्हणजे बातम्या संपल्या.

मंगळवारी खर्र झालं नाही.
बुधवारी नाही.
गुरुवारी मी चपला सरकवल्या.
जिन्याला सोळा पायऱ्या आहेत,
कधी मोजल्याच नव्हत्या.
नवव्या पायरीवर वाटलं, फिरावं मागे.
काय सांगणार, तुमचा आवाज येत नाही म्हणून आले?

तेच सांगितलं.

डोम्के दारात, हातात कात्री.
आत जमिनीवर हिरव्या फेल्टची कातरणं.
खुर्चीच्या चारी पायांना नाण्याएवढ्या चकत्या
नीट, गोंद बाहेर न येऊ देता, चिकटवलेल्या.
खाली तुम्हाला त्रास होत असेल, ते म्हणाले,
फार उशिरा सुचलं मला.

शुक्रवारी नवा थेंब. वहीत वेग, वेळ, तापमान.
तेहतीसच्या पुढे थर मोडतात, तेही टिपलं.
शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.

साडेनऊला वरून
अर्धवट, दबकं, एकाच पायाचं
खर्र.