आणि, किंवा

डुलुथमध्ये फेब्रुवारीत माणसानं तळघरातच राहावं.
बाहेर सरोवर गोठलंय, इथं भट्टी गुरगुरतेय,
आणि पिंगपाँगच्या टेबलावर मी मांडून बसलोय
एकाच खेळाच्या पाच आवृत्त्या,
वह्या तपासणाऱ्या मास्तरासारखा.

पाचवी माझ्या नातीची, सिग्नेची, ख्रिसमसला मिळालेली:
जाड, गुळगुळीत,
ड्रॅगनच्या खवल्याखवल्यावर वेगळा उजेड.
माझी पहिली म्हणजे पिनांनी टाचलेली चोपडी,
वरचा ड्रॅगन थेट आजारी कोंबडी.
"आजोबा, तुम्ही याला घाबरायचात?"
घाबरायचो तर.

पहिलीत बुटक्यांना जादू येत नाही.
दुसरीत येते, पण चिलखत उतरवून.
तिसरीत सगळ्याला कोष्टक:
दार लाकडी असेल तर, ओलं असेल तर,
ओलं लाकडी दार रागाच्या भरात लाथाडलं तर.
चौथी आम्ही कुणी घेतलीच नव्हती;
ही गॅरेज सेलमधली, एका डॉलरची,
आत दंतवैद्याची चिठ्ठी, कुणा भलत्याच्याच नावाची.
मशाल मात्र पाचहींत तासभर जळते.
दोरी पाचहींत पन्नास फूट, किंमत एक नाणं.
ते पाहून उगाच बरं वाटलं.

मग पान एकोणीस. पडणे.
"विहिरीत पडणारा वाचतो, जर कमरेला दोरी असेल
आणि साथीदाराने हात धरला असेल."
'आणि'खाली शिसपेनची रेघ, दोनदा. माझीच.

एन्सिओ कांगासचा बुटका, उर्मो,
चौदा महिने जगवलेला,
शहाऐंशीच्या मार्चमध्ये तोल जाऊन गेला.
दोरी नव्हती. आदल्याच मुक्कामी
ती विकून त्यानं कांदे घेतले होते.
लेम्पी ओरडली, मी धरलाय, धरलाय हात,
आणि खरोखरच टेबलावरून वाकून तिनं
एन्सिओच्या स्वेटरची बाही गच्च पकडली.
कोकचा कॅन लवंडला.

सूत्रधार मी. तेवीस वर्षांचा,
गोदीवर खनिजाच्या वाघिणी मोजणारा,
ज्याला दिवसभर कुणी काही विचारत नसे.
सूत्र माझ्या हाती, दोरी कुणाच्याच नाही.
पान उघडलं, बोट ठेवलं, वाचलं: आणि.
तो म्हणाला, छापायची चूक असेल.
मी म्हणालो, छापलंय ते छापलंय.

उर्मोचा कागद त्यानं घडी न घालता कोटात सरकवला.
पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही.
थंडर बेला गेला, लग्न केलं,
मला पत्रिका नाही.

आज दुसरी आवृत्ती, पान एकतीस:
"कमरेला दोरी असेल
किंवा साथीदाराने हात धरला असेल."

किंवा.

खाली टीप नाही, दिलगिरी नाही.
उशीचा अभ्रा बदलावा तसा बदललाय शब्द.
इतकी वर्षं माझ्याच कपाटात होती ही.
उघडली नव्हती; तोवर खेळायला उरलं होतं कोण?

तिसरीत उंची भागिले दहा, वजा चपळाई.
चौथीत पडणं म्हणजे एक निळी चौकट.
पाचवी सिग्ने मोठ्यानं वाचते:
"पडल्यावर काय होईल ते सूत्रधाराने ठरवावे."
बस्स?
"बस्स."

नंबर लेम्पीनं दिला, कशाला हवाय ते न विचारता.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मी म्हणालो, दुसरी आवृत्ती, पान एकतीस. किंवा.
तो म्हणाला, माहितीये. एकोणनव्वदपासून.
मग खुर्ची सरकली. ड्रॉवर. कागद:
उलगडल्याचा आवाज नाही, घडी नव्हतीच.

"विहिरीत पाणी किती?" त्यानं विचारलं.

सिग्ने माझ्या तोंडाकडे बघत होती, फासा मुठीत.
मी पुस्तकं बाजूला सारली.

कमरेएवढं, म्हणालो.
गार आहे फार.