मार्गे लिंझ

जेवणाच्या टेबलावर त्यांनी युरोप पसरलाय.
चार कोपऱ्यांना चार वजनं:
पितळी अडकित्ता, चष्म्याचं घर,
देशिंगकरांच्या लग्नात मिळालेला स्टीलचा डबा,
आणि माझा चहा, जो मला उचलता येत नाही,
कारण उचलला की पोर्तुगाल गुंडाळतो.

चौतीस वर्षं सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक.
त्यामुळे बाळगोंडा मगदूम सहल ठरवत नाहीत,
फेऱ्या लावतात.
बुडापेस्ट सुटणार सात चाळीस.
व्हिएन्ना पोच दहा वीस, फलाट अजून कळला नाही.
तिथं दोन मुक्काम.
मग साल्झबर्ग. मग प्राग, मार्गे लिंझ.
"मार्गे" म्हणताना त्यांचा आवाज
जरा वर चढतो, भोंग्यातून आल्यासारखा,
आणि समोरच्या फ्लॅटमधली शर्वरी दारातून विचारते,
"काकू, काका कुठली गाडी लावतायत?"

वसंत मी निवडला.
लोक ट्यूलिपसाठी जातात, मी उजेडासाठी.
दिवस मावळल्यावर मी अन्न घेत नाही,
लग्नाच्या आधीपासून.
आपल्याकडं चैत्रात पावणेसातला ताट उचलावं लागतं.
तिथं म्हणे आठ वाजत आले तरी ऊन
चिवट पाहुण्यासारखं उठायचं नाव घेत नाही.
हे ऐकलं, आणि त्यांनी तक्त्यात एक रकाना वाढवला:
गाव, गाडी, मुक्काम, भाडं, सूर्यास्त.
दिवाळीच्या जादा गाड्या लिहायचे
त्याच तिरक्या अक्षरात.

कांदा नको, लसूण नको, बटाटा नको,
हे तीन भाषांत भाचीनं लिहून दिलंय.
हंगेरीत बटाट्याला क्रुम्प्ली म्हणतात.
इतका लाडिक शब्द,
नको म्हणायला जीव होत नाही.

मला प्रत्येक गावाला एकच विचारायचं असतं:
नदी कुठं?
आहे. सगळीकडं आहे.
"अलीकडं बुडा, पलीकडं पेश्ट, मधे पूल.
म्हणजे सांगली आणि सांगलीवाडी," ते म्हणतात,
"मधे आयर्विन."
मी म्हणते, पुलाखाली किती फूट?
ते नकाशावरून मान वर करत नाहीत.

ह्याच टेबलाचे पाय बघा.
गावभागात राहायचो तेव्हाचा गाळ
अजून रंधात आहे.
मी घासला, सुतारानं घासला,
पॉलिश मारलं की तो खालून पुन्हा वर येतो.

व्हिएन्नातलं हॉटेल स्वस्त होतं,
अगदी पाण्याच्या काठी, तळमजला.
मी काही बोलले नाही.
सकाळी बघते तर तक्त्यात खोडाखोड.
तळमजला गेला, चौथा आला,
रोजचं भाडं अठराशेनं चढलं,
लिफ्ट नाही.
माझे गुडघे त्यांना माहीत आहेत.
तरीही चौथा.

सोळा दिवस भरले, एक सोडून.
साल्झबर्गनंतरचा गुरुवार कोरा.
ना गाडी, ना मुक्काम,
फक्त सूर्यास्त: सात सत्तावन्न.
मला वाटलं, विसरले. विसरणारा माणूस नाही,
पण वय झालं की धाकधूक वाटते.
म्हटलं, इथं काय?

पेनाला टोपण लावत म्हणाले,
"विनंती थांबा."

मी हात दाखवायचा. कुठंही.
दाखवीन तिथं हे थांबवणार.
म्हणजे काय थांबवणार कोण जाणे,
तिथली रेल्वे काही ह्यांच्या डेपोची नाही.

चहा निवलाच होता. मी कप उचलला.
पोर्तुगाल सुटला, स्पेन ओलांडून
गुंडाळत गुंडाळत लिंझपर्यंत आला.
त्यांनी तो तळहातानं दाबून धरला
आणि दुसऱ्या हातानं
बशी माझ्याकडं सरकवली.