सहा नंबर

मुकुटबनच्या बाजारात, लसणाच्या ढिगाशेजारी,
जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात सापडली ही जर्सी.
हिरवी. काखेत उसवलेली.
साठ म्हणाला, मी चाळीस,
"फॉरेनचा माल हाय, भाऊ," पन्नासात तुटलं.
पाठीवर इंग्रजी सहा, आणि वर नाव: माद्रोन्याल.

पोट्ट्यांना ते वाचता येईना.
सिडामच्या चिन्नूची जीभ दोनदा अडखळली,
मग त्यानं सरळ म्हटलं, मुद्रणालय.
तेव्हापासून अडेगावच्या मैदानावर
मी मुद्रणालय भाऊ.

भाच्यानं मोबाईलवर शोधलं. खरंच होता माणूस.
स्पेनचा, मधल्या फळीतला.
सतरा हंगाम, नऊ क्लब,
चारशे बारा सामने, गोल सहा.
"सहाच? मंग हा करत काय होता?"

मी त्याला क्लबांची नावं वाचायला लावली.
नावं कळली नाहीत, वर्षं कळली.
पहिली तीन एकाच गावात, बहुतेक स्वतःच्या.
मग मोठ्या शहरात एक हंगाम, सामने दोन.
मग लागोपाठ तीनदा, लोनवर.
"म्हंजे?"
म्हणजे पेरणीला शेजाऱ्याची जोडी नेतो ना, तसं.
काम सरलं की परत खुंट्याला.
पुढे एक अख्खा रकाना रिकामा.
भाचा म्हणाला, नेट स्लो आहे.
मी म्हटलं, गुडघा.

माझाही डावा थंडीत बोलतो.
वणीचं मैदान, समोर घुग्घूसचे कोळसाखाणवाले,
शेवटची सहा मिनिटं, धूळ इतकी
की बॉल दिसण्याआधी ऐकू यायचा.
मान वर केली. पेंदोर उजवीकडून सुटला होता,
त्याचे बूट पहिल्या हाफातच फाटलेले,
पळताना अनवाणी तळवे लखलखत होते.
मी बॉल तिथे ठेवला
जिथे तो अजून पोचला नव्हता.

पुढचं सगळ्या वणीनं पाहिलं.
पेपरात फोटो आला, पेंदोर लोकांच्या खांद्यावर.
मीही आहे त्या फोटोत,
खाली डावीकडे, एक कोपर.
खाणीच्या साहेबानं त्याला नोकरी दिली.
अजून दिवाळीला येतो, अर्धा किलो सोनपापडी घेऊन,
त्या बॉलबद्दल बोलत नाही, मीही नाही.
एकदाच, बस चुकली म्हणून फाट्यावर उभे होतो तेव्हा,
"तुले कसं समजलं बे, मी तिथंच येईन म्हणून?"
मला सांगता आलं नाही.
तेवढ्यात काळीपिवळी आली.

मी लाईनमन झालो.
वीज येते कुठून तरी, जाते कोणाच्या तरी मोटारीला,
मी मधल्या खांबावर.
दोन्हीकडच्यांना माझी आठवण येते
ती गेल्यावर.

कुंदा जर्सी धुते आणि तारेवर उलटी टाकते.
उलट्या सहाचा नऊ होतो.
नऊ म्हणजे पुढचा, गोल मारणारा, फोटोतला.
"वाळते तं तशीबी," ती म्हणते.
मी उठून सरळ करतो.

माद्रोन्यालच्या पानावर शेवटची ओळ: निवृत्त.
त्याखाली पांढरं.
कुठल्या कपाटातून निघाली असेल ही,
त्यानं स्वतः टाकली गठ्ठ्यात
की त्याच्या पोरीनं, न विचारता,
किती जहाजं, किती खांदे, मग लसणाचा वास.
काख मात्र मी फाडलेली नाही.
मी घेतली तेव्हाच उसवली होती.
सतरा वर्षं हात वर करून मागत राहिला असेल,
इकडे दे, इकडे.

कुंदा सुईत दोरा ओवत होती.
म्हटलं, राहू दे.