मागच्या बाजूने

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, मशिदीच्या मागच्या अंगाला,
उम्म जासिमच्या न्हाणीतला नळ बंद होत नव्हता.
म्हणजे व्हायचा, पण मनापासून नाही.
रात्रभर एक थेंब, मग दुसरा,
आणि म्हातारी मोजत पडायची.

माझ्याआधी दोघं येऊन गेले.
दोघांचा हिशोब एकच : चार फरशा फुटतील,
नव्या लावू, पांढऱ्या, हल्ली सगळीकडे पांढऱ्याच.
तिनं दोघांना चहा पाजला आणि दार दाखवलं.

फरशा हिरव्या, प्रत्येकीवर एक डाळिंब,
नवऱ्यानं स्वतः बसवलेल्या, तीन शुक्रवारांत.
तो बँकेत कारकून, गवंडी थोडाच;
व्हॉल्व्हच्या उजवीकडची उलटी लागलीय,
डाळिंबाचा देठ जमिनीकडे.
"ही फुटली तर," ती मोडक्या हिंदीत म्हणाली,
आणि वाक्य तिथंच ठेवून दिलं.

मी बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवली,
बाजारात कलिंगड वाजवतात तशी.
बाकीच्या भरीव. उलटी तेवढी पोकळ बोलली.
समोरून छिन्नी लावायची सोयच नव्हती.

आमचा उस्ताद म्हणायचा, भिंतीला दोन तोंडं असतात,
त्यातलं एक पाहुण्यांसाठी.
मी विचारलं, पलीकडे काय?
पलीकडे तिचं कपाट.

ते रिकामं करण्यात अर्धा तास गेला.
काळे अबाये, कुणाचं तरी शाळेचं दप्तर,
उदाचा वास, आणि सगळ्यात खाली
पुरुषाच्या चपला, कोऱ्या, खोक्यातच.
खोकं तिनं स्वतः उचललं.
मी उगाच पिशवीत पट्टी शोधत राहिलो.

गच्चीवर टाकीचा कॉक बंद केला,
जुलै महिना, दांड्याला टॉवेल गुंडाळून.
इथं उन्हाळ्यात गार नळाला आधण येतं,
आणि गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून घेतात.
लाल खूण म्हणजे गार, निळी म्हणजे पोळेल.
नवा माणूस पहिल्या आंघोळीला ओरडतोच.

कपाटाची पाठ कापली, वीतभर चौकोन.
मग ब्लॉक. पातळ छिन्नी, हलकी हातोडी.
एक ठोका, मग कान. एक ठोका, मग कान.
उम्म जासिम पलीकडे, न्हाणीत,
उलट्या फरशीवर तळवा दाबून उभी,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"शुवय्या, शुवय्या," भिंतीतून यायचं. हळू, हळू.

आत सांध्यावर टेफ्लॉन नव्हतं. सुतळी आणि सफेदा,
सुतळीचं टोक दातानं तोडलेलं.
असं आमच्याकडे शिकवायचे.
बत्तीस वर्षांपूर्वी इथं कोण उकिडवा बसला होता,
रत्नागिरीचा की भुजचा, कोण सांगणार.
त्याचा आटा सोडवताना तोंडातून सलाम निघाला.

नवा व्हॉल्व्ह जुन्याच भोकातून डोकावला.
पाणी सोडलं, बंद केलं, दोघं गप्प उभे राहिलो.
थेंब नाही.
मग तिनं पैशांवरून घासाघीस केली
आणि अर्धा दिनार सोडवलाच.

भगदाड मी बुजवलं नाही. प्लायचं झाकण, चार स्क्रू.
पुढच्याला बरं.

रात्री हलिमानं फोनवर घर दाखवलं,
दापोलीच्या अलीकडचं, माझ्या ओव्हरटाइमच्या विटांचं.
न्हाणीच्या फरशा आल्यात, मोरपंखी, बघा तरी,
आणि फोन इतका जवळ नेला की नुसता रंग दिसला.
मी म्हटलं, त्या भिंतीच्या मागं काय येतंय?
"मागं? तुमचं कपाट. म्हणजे, याल तेव्हा."
गवंड्याला सांग, मागून वीतभर जागा सोड,
वर नुसतं झाकण.
ती हसली. अजून नळ लागला नाही,
आणि तुम्हाला तो बिघडलेला दिसतोय.

दिसतोय खरा.
तेवढ्यात कुणीतरी हाक मारली,
खोलीत आम्ही नऊ, न्हाणी एक, माझा नंबर आला होता.
लाल खुणेचा नळ सोडला. गार.