एका वेलांटीचं अंतर

शुक्रवारी वॉटीचा चहा आहे गावच्या हॉलमध्ये,
दफनानंतरचा, सँडविच आणि व्हिस्कीचा,
आणि एफी टर्नबुल कबूल करून बसलीये
की भावावर चार ओळी ती वाचेल.
तीन झाल्या.
चौथी अडलीये मफलरपाशी.

मफलर पर्पल.
जांभळा म्हणा हवं तर, आपल्याला काय,
आपल्याकडे जांभळ्याला सावळा आहे, आंधळा आहे,
कोवळा, मोकळा, अख्खा गोतावळा आहे.
एफीच्या भाषेत हा शब्द सडाफटिंग.

"निळा लिही," भाची म्हणाली फोनवर.
पण निळा नव्हता तो.
बहात्तर साली, टेव्हियट नदीकाठच्या गिरणीत
एफीच्याच हातून रंगाचा हंडा बिघडला.
मुकादम म्हणाला, फेका.
तिनं ते सूत कोटाच्या अस्तरातून घरी आणलं.
पन्नास वर्षं वॉटीच्या गळ्यात
ती चूक होती.
ऑगस्टात डोंगरभर हीदर फुलली
की मेंढ्यांमागे उभा वॉटी
गळ्यापुरता दिसेनासा व्हायचा.

फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून
तिनं यमकांचा कोश आणला, लंडनला छापलेला.
पर्पलपुढे कोरी जागा,
पडलेल्या दाताएवढी.

मग वहीत उमेदवार आले.
पीपल: जवळचं, पण जवळच्या नातेवाइकांसारखं,
येतं, बसतं, कामाला हात लावत नाही.
स्टीपल: चर्चचा कळस. वॉटीनं तो बाहेरूनच पाहिला.
सर्कल: काजापेक्षा बटण थोरलं.
टर्टल: अगं बाई,
या खोऱ्यात कासव कुठून आणू?

रात्री साडेनऊला वॉटीचा मॉस
शेगडीपासून उठला. बारा वर्षांचा कुत्रा,
मागचा एक पाय आखडलेला.
दारापर्यंत गेला, उभा राहिला,
रोज या वेळी धनी यायचा.
"हिर्पल करत कुठे निघालास, गाढवा,"
एफी म्हणाली,
आणि पेन्सिल हातातच राहिली.

हिर्पल.
खुरडत, एक पाय मागे ठेवत चालणं.
आईचा शब्द.
एकोणिसाव्या वर्षी एडक्यानं वॉटीला उडवलं
तेव्हापासून घरात मिठासारखा रोज लागणारा.
पण त्याच्या कितीतरी आधी, दुसरीच्या वर्गात,
एफीनं तो उच्चारला होता
आणि एडिंबरात शिकून, लंडनचं तोंड लावून आलेल्या
ऑचिन्क्लॉसबाईंनी टेबलातून चामड्याचा पट्टा काढला होता.
"लिम्प म्हणायचं. माणसांसारखं बोल."
दोन तळहातांवर दोन.
तेव्हापासून तो शब्द
चिखलाच्या बुटांसारखा उंबऱ्याशी,
घरच्यांनी घालायचा, चारचौघांत नाही.

पर्पल. हिर्पल.
बाईंच्या तोंडी जुळले असते तंतोतंत,
तिथे सगळे स्वर इस्त्रीचे.
एफीच्या तोंडी नाही.
तिच्या जिभेवर दोघं वेगळे राहतात;
आपल्या लिपीत लिहिलं तर लगेच दिसेल,
एका वेलांटीचं अंतर.
एक पाय आखूड.

ती मोठ्यानं म्हणून बघते, तीनदा, चारदा,
वॉटी जिना चढायचा त्या चालीवर:
पर्पल, हिर्पल,
पर्पल, हिर्पल,
जड पाऊल, हलकं पाऊल,
दुसऱ्याला किंचित उशीर.
मॉस दारातून वळून बघतो.

शुक्रवारचं मला ठाऊक नाही, मी नव्हते हॉलमध्ये.
कुणी म्हणतं लोक हसले,
कुणी म्हणतं इतके गप्प झाले की किटलीच ऐकू येत होती.
मंगळवारी गाडी आली तेव्हा
एफीनं कोश परत केला.
पोरगेल्या ग्रंथपालानं पानं चाळली.
कोऱ्या जागेत पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: हिर्पल.
आणि पुढे: जरा लंगडतं.

"पुस्तकात लिहिल्याचा दंड आहे, साठ पेन्स."
तिनं पाउंड दिला.
सुटे मोजून परत घेतले.