आधीच्या दोन ओळी

क्लाक्सविकच्या वाचनालयात, रात्री सव्वाअकराला,
तूरीने एकटी एक फाइल चालवली.
चाळीस ओळींची. कामही एवढंसंच:
जुन्या यंत्रातून नव्यात येताना
सभासदांच्या नावांतलं एक अक्षर गळालं होतं,
ते परत बसवायचं.

फेरो बेटांवरचे लोक हे अक्षर लिहितात, उच्चारत नाहीत.
आपणही नाही का, एकेकाळी 'नांव' लिहायचो
डोक्यावर टिंब ठेवून
आणि म्हणायचो नुसतंच नाव?

फाइल पहिल्याच पावलाला अडखळली.
सेटिंग्ज ठरलेल्या नाहीत, म्हणाली.
डेटाबेस कुठला, भाषा कुठली, घड्याळ कुठल्या गावचं,
मला काहीच ठाऊक नाही.

तूरीला हसू आलं.
कोपनहेगनला अकरा वर्षं काढून ती परतली तेव्हा
धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या हानुसने
तिला नखशिखांत न्याहाळून विचारलं होतं,
"कुणाची गं तू?"
नाव सांगून भागलं नाही.
आईचं सांगावं लागलं,
मग आईच्या बापाच्या होडीचं.
तेव्हा कुठे तो म्हणाला, "हां. बस मग."

तिने फाइलच्या माथ्यावर दोन ओळी घातल्या.
सेटिंग्ज या घरातल्या घे.
आता सगळं उभं कर.
आणि त्यांच्या खाली, खालीच,
सभासदांच्या तक्त्याला हाक.
आधी मारली असती तर ओ देणारं कुणी नव्हतं.

ब्राउझर नाही, पाहुणा नाही,
पुढचं दार कुणी वाजवलेलं नाही,
तरी आतल्या सगळ्या खोल्यांत दिवे.

पहिल्यांदा कोरडी तालीम.
चारशे सदतीस नावं पडद्यावरून सरकली,
काहीही न बदलता.
ती मोठ्याने वाचत गेली, जुनं, मग नवं.
कानाला फरक शून्य.
तीनशे बाराव्यावर जीभ जरा अडली:
तिचंच कार्ड, सातव्या वर्षी काढलेलं,
पत्ता अजून आईचा.

मग तिने खरोखरीचं चालवलं.
चार सेकंद लागले.
कॉफी तोवर गारढोण.

निघताना फाइल पुसली नाही.
त्या दोन ओळींशेजारी फक्त एक शेरा लिहिला,
पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी:

या काढू नका.
हानुस विचारेल.