चौथी तार

मडगावात रोमाल्दच्या दुकानी काचेवर
दोन पाकिटं ठेवून तो म्हणतो, बोल.
एक गोल वळणाची. बोट सरकलं की
आडोळीवर नारळ खवल्यासारखी खरखरते,
ताजी असते तोवर पितळी भांड्यागत ठणकते
आणि आमच्या खाऱ्या हवेत महिन्याभरात मुकी होते.
दुसरी सपाट, पट्टी लपेटलेली, गुळगुळीत,
पाकिटातून निघते तीच मुळी म्हातारी,
अन् मग वीस वर्षं तेवढीच म्हातारी राहते.
किंमत दुप्पट.

मी विचारतो, स्टीलची की निकेलची?
तो म्हणतो, तुझा घाम कसा आहे त्यावर आहे.
असा प्रश्न मला लग्न ठरवतानाही
कुणी विचारला नव्हता.

बास गिटार तशी माझी नाही.
कुडतरीच्या जासिंतची. जहाजावर वाजवायचा,
गोऱ्या म्हाताऱ्यांच्या नाचाला, रात्रीमागून रात्र.
तो गेल्यावर एस्पेरांसाने मला विकली,
पेटीसकट, तारांसकट,
तिसऱ्या पडद्यापाशी काळ्या पडलेल्या तारा,
जिथे त्याचं बोट मुक्कामाला असायचं.

त्या मी एकदा उकळल्या.
भाताच्या टोपात, दहा मिनिटं. जुनी युक्ती आहे,
मळ सुटतो, दोन रात्रींपुरता आवाज परत येतो.
पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
मोरीत ओतताना हात थबकला,
मग ओतलंच.
तो टोप बायकोने पुन्हा चुलीवर चढवला नाही.

माझे वडील शिरोड्याला भजनात पखवाज धरायचे.
डाव्या तोंडाला कणीक लावताना
आधी दाराबाहेर हात काढून हवा चाचपायचे.
किती लावायची, हे कुणी विचारलं तर
मनगट हलवायचे नुसतं.
मी पाकिटावरचे आकडे वाचतो:
पंचेचाळीस, पासष्ट, पंच्याऐंशी, एकशेपाच.
हवेचा आकडा त्यात नाही.

राहता राहिला प्रश्न आवाज मोठा करण्याचा.
जासिंतचा जुना अँप म्हणजे कपाट,
आत पंधरा इंची स्पीकर.
फेरीबोटीवर चढवताना खलाशी म्हणाला,
हिचं तिकीट वेगळं.
रोमाल्दकडे नवा आलाय, चपात्यांच्या डब्याएवढा,
पाचशे वॅट, करंगळीवर उचलावा.
लावून पाहिला. सगळं लख्ख ऐकू आलं,
म्हणजे माझ्या चुकासुद्धा.
जुनं कपाट चुका पोटात घालतं.
लोटलीच्या लग्नात खालचा सूर लावला
तर केटररचे ग्लास
टेबलाच्या कडेकडे चालू लागले,
आणि नवरीचा मामा, जो कुणाशीच बोलत नव्हता,
ते ग्लास एकेक करून मागे सरकवत बसला.
रात्रभर तेच काम केलं त्याने.
खूश होता.

पण माझी कंबर पंचावन्नची आहे.
रोमाल्दला म्हटलं, डबा ठेव बाजूला,
पुढच्या महिन्यात बघू.
हे मी गेल्या महिन्यातही म्हटलं होतं.

तारा घेतल्या. सपाट.
जुन्या चारी कागदात गुंडाळून
एस्पेरांसाकडे नेल्या. मला वाटलं होतं,
ती त्या फोटोखाली ठेवील, निदान क्षणभर
खुर्चीत बसेल.
तिने वेटोळं सोडवलं, जाडी पाहिली,
दोन्ही हातांनी ताणून विचारलं,
ही सगळ्यात जाड, ही तुटत नाही ना?
आणि परसात, दोडक्याच्या मांडवाला,
पोफळीच्या दोन खुंटांमध्ये
पक्कडीने पिळून बांधली.
सुंभ कुजतं रे पावसात, म्हणाली.

निघताना मी हळूच बोट लावलं.
वाजली. जरा उतरलेली होती.
खुंट अंगठ्याने थोडा रेटला,
सूर वर आला, जवळजवळ जागेवर,
तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा आवाज:
हात लावू नकोस तिथे,
फुलं गळतील.